डोळ्याभोवतीचा जंतुसंसर्ग: धोका कुणाला, तो कुठल्या वाटेने येतो आणि घरी काय तपासायचं

पापणी किती सुजली आहे यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही. गांधीलमाशी चावली की पापणी टम्म फुगते, डोळा उघडत नाही, आणि दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं. उलट सायनसमधला, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांमधला, संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरत असताना वरून पापणी जेमतेम जाड दिसू शकते. म्हणून सूज दिसली की तिचा आकार बघत बसण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. संसर्ग कुठल्या वाटेने आला असेल? आणि या माणसाचं शरीर त्याला थोपवू शकेल का? धोका कुणाला जास्त आणि दवाखाना गाठायला वेळ किती, हे या दोन उत्तरांवरून कळतं.

पडद्याच्या पुढे की मागे

पापणीत, त्वचा आणि तिच्याखालच्या स्नायूच्या मागे, एक पातळ चिवट पडदा असतो. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून निघून तो पापणीत उतरतो. डॉक्टर त्याला ऑर्बिटल सेप्टम म्हणतात. संसर्ग त्याच्या पुढेच राहिला तर तो प्रीसेप्टल सेल्युलायटिस. पेरिऑर्बिटल सेल्युलायटिस हेही त्याचंच नाव. हा जास्त आढळणारा आणि बहुधा औषधांनी बरा होणारा प्रकार. संसर्ग पडद्याच्या मागे गेला तर तो ऑर्बिटल सेल्युलायटिस. तिथे चरबी आहे, डोळा फिरवणारे स्नायू आहेत आणि ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे दृष्टीची नस आहे.

खोबण हाडाची, फक्त समोरून उघडी. आत सूज आली, पू साठला, की दाब वाढतो आणि डोळा पुढे ढकलला जातो. त्याच दाबाने नसेचा रक्तपुरवठा अडतो आणि नजर काही तासांत कायमची जाऊ शकते. शिवाय खोबणीतल्या शिरा मागे थेट कॅव्हर्नस सायनसला मिळतात. नावात सायनस असलं तरी ही नाकाजवळची पोकळी नव्हे. कवटीच्या तळाशी असलेला हा शिरांचा जाळीदार कप्पा आहे. तिथे जंतूंसह गुठळी झाली की प्रश्न नजरेचा राहत नाही, जिवाचा होतो.

रिपोर्टवर कधीकधी 'चँडलर' असा उल्लेख दिसतो. 1970 मध्ये मांडलेली ती पाच गटांची विभागणी आहे: प्रीसेप्टल, ऑर्बिटल, हाडाच्या आवरणाखाली पू, खोबणीत पू, आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये गुठळी. आजार या पायऱ्या एकेक करून चढेलच असं मात्र नाही. सायनसमधून आलेला संसर्ग पहिली पायरी न घेता थेट तिसरीवर पोचू शकतो.

सर्वांत मोठी वाट: सायनस

ऑर्बिटल सेल्युलायटिसचं मूळ बहुतांश वेळा सायनसमध्ये सापडतं, त्यातही एथमॉइड सायनसमध्ये. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी असलेल्या या बारीक हवेच्या पोकळ्या. त्या आणि खोबण यांच्यामधली हाडाची भिंत कागदाइतकी पातळ असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा जाण्यासाठी नैसर्गिक भोकं असतात. भरीला इथल्या शिरांमध्ये झडपा नसतात, त्यामुळे रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं आणि जंतूंना भिंत न फोडताही पलीकडे जाता येतं.

लहान मुलांना हा आजार का होतो, तेही इथेच कळतं. एथमॉइड आणि गालाच्या हाडातले मॅक्सिलरी सायनस जन्मतःच असतात. कपाळातले फ्रंटल सायनस सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमाराला ठळक होतात. म्हणून चार वर्षांच्या मुलात धोका नाकाच्या बाजूने येतो. पौगंडावस्थेतल्या मुलात मात्र कपाळाकडूनही येऊ शकतो, आणि तिथून मेंदूभोवती पू होण्याचा धोका अधिक. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची वरची पापणी सुजली असेल आणि कपाळ दाबल्यावर दुखत असेल तर 'मोठा आहे, सहन करेल' असं म्हणून थांबू नये.

प्रत्येक सर्दीला घाबरायचं कारण नाही, पण सर्दीचं रूपांतर जिवाणूंच्या सायनस संसर्गात झालं का, ते ओळखायच्या तीन खुणा पक्क्या लक्षात ठेवा:

1. नाक वाहणं किंवा दिवसाचा खोकला दहा दिवस उलटूनही जराही कमी झालेला नाही.
2. सर्दी उतरणीला लागली होती, आणि मग ताप, खोकला किंवा शेंबूड पुन्हा उसळला.
3. ताप 102 फॅरनहाइटच्या वर आणि घट्ट, पुवासारखा शेंबूड, दोन्ही सलग तीन दिवस.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नका. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो होतोच. लहान मुलं सहसा 'डोकं दुखतं' म्हणत नाहीत. तोंडाला वास येणं, चिडचिड, सकाळी पापण्या किंचित फुगणं, एवढंच दिसतं.

सायनस वारंवार तुंबण्यामागे ॲलर्जीची सर्दी, वाढलेले ॲडेनॉइड (नाकामागच्या ग्रंथी), नाकातले पॉलिप (मऊ गाठी), नाकाचा वाकडा पडदा अशी कारणं असतात. घरातल्या सिगारेटचा आणि चुलीचा धूरही त्यात भर घालतो. एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं: लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव. तो दिसला की आत शेंगदाणा, मणी, स्पंजचा तुकडा किंवा बटण-सेल अडकलाय असं धरून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. बटण-सेल काही तासांत आतली त्वचा जाळतो. तो चिमट्याने काढायचा प्रयत्न घरी करू नये.

सर्दीत मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालायला हरकत नाही. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मोठ्या माणसांनीही पाच दिवसांच्या वर वापरू नयेत. त्यानंतर ते थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि सायनसची तोंडं बंद होतात. लहान मुलांना ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच. दुकानातून तोंडी मिळणाऱ्या 'सर्दीच्या पुडी'त स्टेरॉइड असलं तर पहिले दोन दिवस छान वाटतं. मधल्या काळात संसर्ग दबून वाढतो, आणि मधुमेही माणसात साखरही चढते.

एक साधा नियम: ताप आणि सर्दी आहे, एका डोळ्याची पापणी सुजली आहे, आणि पापणीवर चावा, जखम किंवा फोड यांपैकी काहीही नाही, तर उगम सायनसमध्ये आहे असं समजूनच पुढे चला.

त्वचेकडून येणारी वाट

डास किंवा किडा चावला, मुलाने नखांनी खाजवलं, आणि तिसऱ्या दिवशी लाली पसरायला लागली. पडद्याच्या पुढच्या संसर्गाची ही नेहमीची हकीकत. जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिस. इसब, कांजिण्या, चेहऱ्यावरची नागीण, पापणीवरचा फुटलेला फोड, पडून भुवईला पडलेली खोक, हे सगळे याच वाटेचे प्रवासी. चाव्याची साधी सूज पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते, खाजते आणि मग उतरते. संसर्गाची सूज उलट वागते: दिवसागणिक वाढते, गरम लागते, दुखते.

रांजणवाडी हा पापणीच्या कडेच्या ग्रंथीतला छोटा पुवाचा फोड. तिला शेक पुरतो: स्वच्छ मऊ कापड, सोसवेल इतकं गरम पाणी, एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दर वेळी धुतलेलं हवं, आणि लहान मुलाला लावण्याआधी ते आपल्या मनगटावर टेकवून बघा. रांजणवाडी पिळू नका, सुईने टोचू नका. लसूण किंवा लवंग घासू नका. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, ती भाजते, आणि भाजलेल्या जागेतून जंतू आत जातात. तान्ह्या बाळाला बोटाने काजळ घालणं, डोळ्यात मध किंवा अंगावरचं दूध पिळणं हेही याच यादीत. नाकाच्या मुळापासून वरच्या ओठापर्यंतचा भागही तितकाच जपायचा. तिथल्या शिरा डोळ्यामार्गे कॅव्हर्नस सायनसकडे जातात, म्हणून नाकातला केसतोड फोडणं महागात पडू शकतं.

शेतात डोळ्याजवळ बांबूची चोय, बाभळीचा काटा किंवा उसाचं पान घुसलं तर बाहेरची जखम दोन दिवसांत मिटते आणि आत तुकडा राहून जातो. लाकडासारखा वनस्पतीचा तुकडा आठवड्याभराने, कधी त्याहून उशिरा पू करतो. सीटी स्कॅनमध्ये कोरडं लाकूड हवेसारखं काळं दिसतं आणि नजरेतून सुटू शकतं. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'लागलं' न सांगता काय लागलं ते सांगा. शक्य असेल तर त्याच वस्तूचा तुकडा बरोबर न्या. रुतलेली वस्तू घरी ओढून काढू नका.

कुत्रं चेहऱ्याला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, डोळ्यात साबण जाऊ न देता. चेहऱ्यावरचा, रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीत मोडतो: रेबीजची लस आणि जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), दोन्ही लागतात. धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही सांगा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका.

बॉल किंवा ठोसा लागून खोबणीचं हाड तडकलं असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. जोरात शिंकरलं की सायनसमधली हवा, तिच्याबरोबर जंतू, फटीतून खोबणीत शिरतात. शिंकरताच पापणी फुग्यासारखी वर आली आणि दाबल्यावर चरचर जाणवली तर ती हीच हवा.

त्वचेच्या वाटेवरचा एक प्रकार दुर्मीळ पण भयंकर: लाली तासातासाला पसरते, रंग जांभळा पडतो, पाण्याचे फोड येतात, आणि दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असतं. ऊतक सडवणारा हा संसर्ग असू शकतो. त्यात थांबायला एक तासही नाही.

अश्रुपिशवी, दात आणि बाकीचे

डोळ्यातलं पाणी आतल्या कोपऱ्यातून अश्रुपिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरतं. नळी बंद असली की पिशवीत पाणी साचतं आणि नासतं. अनेक बाळांत ती जन्मतः थोडी बंद असते: डोळा सतत ओला, सकाळी चिपडं. बहुतेकांची वर्षाच्या आत आपोआप उघडते. तोवर मालीश: नख कापलेलं, हात साबणाने धुतलेले, बोट आतल्या कोपऱ्यावर टेकवून नाकाच्या कडेने खाली घट्ट पण हळुवार सरकवायचं, एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. बाळाची पापणी चोळणं म्हणजे मालीश नव्हे. दाब पिशवीवरच पडायला हवा. एकदा डॉक्टरांकडून समोर करून घ्या.

त्या कोपऱ्याखाली लाल, कडक, दुखरी गाठ आली तर मालीश तिथल्या तिथे बंद. आता दाबलं तर पू आजूबाजूला पसरेल. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत तिथे निळसर फुगवटा दिसला तरी त्याच दिवशी दाखवा. काही वेळा तो नाकाच्या आतपर्यंत पसरलेला असतो आणि नाकानेच श्वास घेणाऱ्या बाळाला धाप लागते. मोठ्यांमध्ये, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये, डोळा महिनोन्‌महिने पाझरत असतो. 'वय झालं' म्हणून सोडून दिलेली ही गळती कधीतरी ठणकत्या गळवात बदलते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी अश्रुपिशवी तपासतात ती याचमुळे. तिथे साचलेले जंतू उघड्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून आधी पिशवीचा बंदोबस्त केला जातो.

वरच्या दाढांची मुळं मॅक्सिलरी सायनसच्या तळाला लागून असतात. किडलेली दाढ, अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल किंवा दाढ काढल्यानंतर आठवड्यात आलेली खालच्या पापणीची सूज, यांचा संबंध असतोच असं नाही, पण विचारला जायला हवा. एकाच बाजूच्या सायनसचा त्रास, तोंडात घाण वास आणि अँटिबायोटिकला दाद नाही, असं असेल तर दाताचा एक्स-रे मागा. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा रक्तावाटे आलेला संसर्ग त्या मानाने क्वचित.

दोन्ही डोळ्यांची सूज, खाज, ना ताप ना दुखणं, हे बहुधा ॲलर्जीचं. पण मुलाचे दोन्ही डोळे रोज सकाळी फुगत असतील, लाली नसेल आणि लघवी कमी किंवा फेसाळ होत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरआधी लघवीची तपासणी करा. ती सूज मूत्रपिंडाची असू शकते.

ज्यांचं शरीर थोपवू शकत नाही

वाट तीच, जंतू तेच, तरी काही माणसांत आजार वेगाने आत शिरतो. एक वर्षाखालचं बाळ हे पहिलं. त्याची नजर, हालचाल, दुखणं नीट तपासता येत नाही आणि जंतू रक्तात लवकर पसरतात. केमोथेरपी घेणारे, रक्ताचा कर्करोग असलेले, अवयव रोपण झालेले, एचआयव्हीवर उपचार न घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड खाणारे हे दुसरे. त्यांच्यात एक फसवणूक आहे: पांढऱ्या पेशी कमी असल्या की पू आणि लाली कमीच दिसते. फिकट सूज आणि मधूनमधून येणारा ताप, एवढ्यावर त्यांनी दवाखाना गाठावा.

तिसरा मोठा गट मधुमेहींचा, आणि इथे सविस्तर बोलायला हवं. 2021 च्या दुसऱ्या कोविड लाटेत महाराष्ट्रात ज्याला घरोघरी काळी बुरशी म्हटलं गेलं तो म्युकरमायकोसिस. ही बुरशी हवेत, मातीत, कुजणाऱ्या पाल्यात नेहमीच असते. निरोगी माणूस तिचे बीजाणू रोज हुंगतो आणि काही होत नाही. साखर बेसुमार वाढली, विशेषतः रक्तात किटोन नावाची आम्लं साचून आम्लता आली, की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं. ते लोह बुरशीचं खाद्य. त्यावर स्टेरॉइड असतील तर तिला मोकळं रान मिळतं. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि त्यापुढचा भाग मरून काळा पडतो. काळा रंग म्हणजे मेलेलं ऊतक. तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मधुमेह्याने काळ्या डागाची वाट न पाहता आधीच्या खुणा ओळखाव्यात: गालाच्या एका बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या, एकाच बाजूचा चेहरा दुखणं, नाकातून तपकिरी किंवा रक्ताळ स्राव, वरचे दात अचानक हलायला लागणं, पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काहीही आढळलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नाकाची दुर्बिणीतून तपासणी व्हावी. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध, मेलेल्या ऊतकाची शस्त्रक्रिया आणि साखर-आम्लता आटोक्यात आणणं, ही तिन्ही एकत्र लागतात. साध्या अँटिबायोटिकने या बुरशीला काहीही होत नाही.

लस: गेलेला धोका परत येऊ नये म्हणून

एकेकाळी लहान मुलांत डोळ्याभोवतीच्या संसर्गाचं, आणि त्यातून रक्तात जंतू पसरण्याचं, मोठं कारण हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी हा जिवाणू होता. लसीमुळे तो जवळजवळ मागे पडला. सरकारी लसीकरणात ती पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतून 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळते. न्यूमोकोकस या जिवाणूवरची पीसीव्ही ही लस 6 आणि 14 आठवड्यांना, बूस्टर 9 महिन्यांना. गावाला जाणं, स्थलांतर, साखर कारखान्याचा हंगाम यांत डोस राहून गेलेल्या मुलाला सूज आली तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. औषधाची निवड त्यावर बदलू शकते. लसीचं कार्ड बरोबर न्या.

घरची तपासणी, क्रमाने

मूल एक वर्षाखालचं असेल किंवा माणूस वरच्या कमजोर गटातला असेल तर हे करत बसू नका, थेट निघा. बाकीच्यांसाठी पाच मिनिटं पुरतात. हात धुवा, खिडकीजवळच्या उजेडात बसवा.

1. ताप मोजा. हाताने अंदाज नको. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर वेळेसह लिहा. तापाचं औषध दिलं असेल तर तेही.
2. पापणी उघडा. भुवईच्या हाडावर बोट टेकवून हळूच वर ओढा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. पांढरा भाग पांढराच आहे का? तो लाल, किंवा पाणी भरल्यासारखा फुगून आला असेल तर वाईट खूण. पापणी उघडताच येत नसेल तर बळजबरी नको. 'तपासता आलं नाही' याचा अर्थ 'धोका आहे' असाच घ्यायचा.
3. डोळे फिरवून पाहा. डोकं स्थिर, डोळ्यांनी बोटाचा किंवा खेळण्याचा पाठलाग: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि चारही कोपऱ्यांत. एक डोळा मागे राहतो का? फिरवताना दुखतं का? एकाचे दोन दिसतात का? माझ्या मते पूर्ण तपासणीत एकच पायरी करायची झाली तर ही करावी. पडद्यापुढच्या संसर्गात डोळा सुजलेल्या पापणीआडही मोकळा फिरतो.
4. वरून पाहा. माणसाला खाली बसवून मागे उभे राहा आणि कपाळावरून खाली बघा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आला असेल तर या कोनातून कळतं.
5. नजर, एकेक डोळा झाकून. चष्मा असेल तर लावून, कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावा. मग लाल रंगाची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी दाखवा. सुजलेल्या डोळ्याला लाल फिका किंवा तपकिरी दिसला तर नसेवर दाब येत असल्याची ती लवकरची खूण.
6. मूळ शोधा. चावा, खोक, फोड, रांजणवाडी, आतल्या कोपऱ्याची गाठ, नाक, वरच्या दाढा, टाळू. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरने साखर मोजा.
7. कड आखा. लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ आणि वेळ. मोबाइलवर समोरून एक फोटो. दवाखान्यात 'वाढली का' या प्रश्नाला मग नेमकं उत्तर असतं.

डोळा फिरवताना दुखणं किंवा अडणं, डोळा पुढे येणं, नजर किंवा रंग कमी होणं, एकाचे दोन दिसणं, जोराची डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, मान ताठणं, एका डोळ्याची सूज दुसऱ्यातही जाणं: यातलं एकही असेल तर रात्र असो की सण, निघायचं. वाहन नसेल तर 108. नुसती पापणीची लाल, दुखरी सूज असेल, बाकी सगळं ठीक असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जाण्याआधी फोन करून विचारा: नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि सीटी स्कॅन, तिन्ही तिथे आहेत का? नसतील तर जवळच्या दवाखान्यात अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचा पहिला डोस घेऊन पुढे जाणं शहाणपणाचं. लांबच्या प्रवासात तेवढे तास वाया जात नाहीत. बरोबर न्या: चालू गोळ्यांची पाकिटं, आधी कुठलं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं त्याची चिठ्ठी, औषधाची ॲलर्जी आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं ते. भूल द्यायची वेळ आली तर हा शेवटचा प्रश्न पहिला विचारला जातो.

दवाखान्यात काय होतं, आणि कुठे बिनसतं

मूल एक वर्षाहून मोठं, खेळतंय, संसर्ग पडद्यापुढे, तर तोंडी अँटिबायोटिकवर घरी पाठवतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे नेहमीचं नाव, डोस वजनावर, साधारण पाच ते सात दिवस. अट एकच: चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा दाखवायचं. बिनसतं ते इथेच. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, म्हणून फेरतपासणी टळते किंवा बाटली अर्धी राहते. नुसत्या डोळ्यात घालायच्या थेंबांनी हा संसर्ग बरा होत नाही, आणि स्टेरॉइडमिश्रित थेंब स्वतःहून घातले तर तो झाकला जातो.

पडद्यामागच्या संसर्गात भरती करून शिरेतून औषधं देतात: बहुधा सेफ्ट्रायॅक्सोनसारखं एक आणि स्टॅफिलोकोकससाठी व्हॅन्कोमायसिनसारखं दुसरं. मूळ दातात असेल किंवा मेंदूकडे पसरल्याची शंका असेल तर मेट्रोनिडॅझोलही. नजर आणि बाहुली दर काही तासांनी तपासली जाते. मूल झोपलंय म्हणून नर्सला परत पाठवू नका. तोंडी औषधं धरून एकूण उपचार दोन ते तीन आठवड्यांचा.

कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून खास द्रव्य टोचून, सीटी कधी? डोळा पुढे आला, हालचाल अडली, नजर कमी झाली, डोळा तपासताच येत नाही, मेंदूची लक्षणं आहेत, किंवा दोन दिवस योग्य औषध देऊनही उतार नाही, तेव्हा. रेडिएशनच्या भीतीने पालक इथे अडतात. पण अशा वेळी स्कॅन न करण्याचा धोका मोठा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कॉन्ट्रास्टआधी सांगा. मात्र पहिले चोवीस तास पापणीची सूज औषध बरोबर असूनही थोडी वाढू शकते. ताप, हालचाल आणि नजर सुधारत असतील तर तेवढ्यावरून दवाखाना बदलायची घाई नको.

स्कॅनमध्ये पू दिसला म्हणजे शस्त्रक्रिया ठरलीच असं नाही. नऊ वर्षांखालच्या मुलात, पू थोडा असून नाकाच्या बाजूला हाडाच्या आवरणाखाली असेल आणि नजर शाबूत असेल, तर डॉक्टर बारीक लक्ष ठेवून आधी औषधांवर एक-दोन दिवस थांबतात. या वयात बहुधा एकच जंतू असतो आणि तो औषधाला दाद देतो. मोठ्या मुलांत आणि प्रौढांत हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंची सरमिसळ असते, तिथे पू काढावा लागण्याची शक्यता जास्त. नजर कमी झाली तर वय न बघता पू लगेच काढतात.

घरी सोडल्यावर सायनस, दाढ किंवा अश्रुनळी, जे मूळ निघालं त्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. मूळ राहिलं तर संसर्ग परत येतो. त्याच डोळ्याला पुन्हा पुन्हा सूज येत असेल तर नाकाची दुर्बीण-तपासणी, साखर आणि रोगप्रतिकारशक्तीच्या चाचण्या यांबद्दल विचारा. सूज दर वेळी नेमक्या त्याच जागी, बारीक पाण्याच्या फोडांचा झुबका घेऊन येत असेल, तर ते हर्पिस सिम्प्लेक्स असू शकतं. त्याला अँटिबायोटिक नव्हे, विषाणूविरोधी औषध लागतं. फोड ताजे असतानाच त्यांचा नमुना घेतला तर निदान पक्कं होतं, म्हणून पुढच्या वेळी ते सुकायच्या आत जायला हवं.